डुकरिणीचं तेल

आमची गाडी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती आणि घरात तिचा मानही माझ्याहून मोठा होता. फुगीर गाल, गोल पाठ, पुढे आलेलं नाक. त्या जातीच्या गाड्यांना सगळा मुलूख डुक्कर म्हणायचा. माझे वडील, म्हणजे आप्पा, सरकारी गुरांचे डॉक्टर. त्यांनी गाडी घेतली त्या दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "ही मादी हाय." तेव्हापासून ती डुकरीण.

पेण तालुक्यातलं एक गाव असं नव्हतं की जिथे डुकरीण गेली नाही. म्हैस अडली, बैलाचं पोट फुगलं, रेडकू मलूल झालं, की डुकरीण दारात. लहानपणी मी पुढच्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसायची. मागच्या सीटवरून एकदा एक आजारी वासरू रामवाडीपर्यंत आलं होतं आणि ते आलं होतं हे पुढची पाच वर्षं उन्हाळ्यात वासावरून कळायचं. मोठी झाल्यावर आप्पांनी मला गाडी शिकवली ती मिठागराच्या बांधावर. दोन्ही बाजूंना पाणी. "रस्त्यावर शिकलीस तर चुकशील," ते म्हणाले, "इथं चुकायची सोयच नाय."

मग आप्पा रिटायर झाले आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. ते कबूल करत नव्हते. एका सकाळी त्यांनी आमच्याच आळीत उभ्या असलेल्या एका म्हशीला तीन वेळा हॉर्न दिला, ती हलेना म्हणून खिडकीतून हात काढून हाड्हाड् केलं, आणि मग मी त्यांना सांगितलं की ती पाण्याची काळी टाकी आहे. त्यांनी घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली आणि आठवड्याभरात गाडी विकायचा शब्द देऊन मोकळे झाले.

घेणारे होते रोह्याचे एक भात गिरणीवाले. त्यांच्या घरी लग्न होतं, आणि नवरदेव जुन्या गाडीतून यावा अशी त्यांची हौस होती. त्यांनी आप्पांच्या हातात नारळ ठेवला, आप्पांनी घेतला. गाडी येत्या रविवारी रोह्याला पोचवायची, त्यांनी एकदा चालवून बघायची, की झालं.

मी तेव्हा डोलवीच्या कंपनीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात लागले होते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये लोंबकळत जायचं, संध्याकाळी लोंबकळत यायचं. शनिवारी दुपारीच सुटका व्हायची. मला गाडी हवी होती. बसच्या गर्दीमुळे नव्हे, ते मी आईला सांगायचं कारण होतं. ती गाडी गेली तर माझं लहानपण कुणीतरी रोह्याला नेऊन त्यात नवरदेव बसवणार, असं मला वाटत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता.

"आप्पा, मला हवी आहे गाडी."

"आधी बोलायचंस. आता शब्द दिलाय. नारळ घेतलाय."

"आणि त्यांनीच नको म्हटलं तर?"

"तर नारळ परत जाईल आणि डुकरीण तुझी. पण तो कशाला नको म्हनंल?" आप्पा म्हणाले आणि पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचायला लागले.

आई माझ्या बाजूला नव्हती. गाडी अंगण अडवते ही तिची जुनी तक्रार. खरं तर भर उन्हाळ्यात गाडीच्या टपावर पोह्याचे पापड असे कडकडीत सुकायचे की अर्धी आळी तिच्याकडे पापड आणून द्यायची. पण हे तिला बोलून दाखवलं तर ती म्हणायची, "पापडांसाठी कुणी मोटार ठेवतं का गो?"

आता एक अडचण होती. डुकरिणीचा दुसरा गिअर टाकताना ती किंचाळायची. आणि आप्पांचा एक नियम होता, तो सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. गुरांच्या बाजारात लोक त्यांना जनावर दाखवायला न्यायचे कारण ते दोन्ही बाजूंना खरं सांगत. गाय लाथ मारते, बैल उजव्या अंगानं लंगडतो, म्हैस एका सडातून आटली आहे, सगळं चारचौघांत. त्यामुळे दलाल त्यांना टाळत. त्यांनी जन्मात कधी कुणाला जनावराची खोड लपवू दिली नव्हती.

"आजारी जनावर मी देणार नाय," आप्पा म्हणाले. "गिअरचं तेल किती वर्षं बदललेलं नाय देव जाणे. आमचा मिस्त्री व्हता तो गेला दुबईला. तू बदल."

"मी?"

"मग कोण? मला दिसत नाय. तुझ्या आईला सांगू?"

दोन दिवस मी एकाच विचारात होते. काम चांगलं केलं तर गाडी खूश, गिरणीवाले खूश आणि डुकरीण रोह्याला. काम बिघडवलं तर गिरणीवाले नको म्हणतील आणि ती माझी. सरळ हिशोब होता. पण काम बेमालूम बिघडवायला आधी ते करता यायला हवं, आणि मला तर तेल कुठून घालतात हेही माहीत नव्हतं. शिवाय आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसणार होते. त्यांच्यासमोर चोरटेपणा मला कधीच जमला नव्हता. ठरवलं की चोख करायचं. चोख करून रडायचं.

शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर मी डुकरीण जिते स्टेशनपर्यंत पळवून आणली, कारण तेल गरम असलं की पातळ होतं आणि लवकर उतरतं, हे स्पेअर पार्टच्या दुकानदारानं दोन लिटरचा डबा देताना सांगितलं होतं. तेवढं सांगून तो दुकान बंद करून भाच्याच्या लग्नाला निघून गेला होता. मग पुढची चाकं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि जुनी साडी अंथरून मी गाडीखाली गेले. आप्पांनी माझ्या डोक्याशी त्यांचा पांढरा एनॅमलचा ट्रे ठेवला, ज्यात पूर्वी सुया आणि चिमटे असत. "काढशील ते यात ठेव. वस्तू हरवली की पेशंट गेला."

गिअरच्या पेटीच्या तळाला एक मोठा बोल्ट असतो, आणि त्याच्या मानेत तांब्याची एक पातळ चकती. ती चकती असली की तेल गळत नाही. बोल्ट हलेना. मी पान्याला लोंबकळले, लाथ मारली, दोन शिव्या दिल्या. वरून आप्पा म्हणाले, "शिव्या नको देऊस, ती आखडंल." आणि खरोखर त्यानंतर बोल्ट फिरला. काळं, दाट, कुजक्या अंड्यांच्या वासाचं तेल घमेल्यात आलं, आणि थोडं माझ्या कानात.

आमच्या बाजूला एक रीत आहे. कुणाच्याही गाडीचं तेल काढलं की ते फेकत नाहीत, वाटतात. गोठ्याच्या मेढीला लावलं की वाळवी येत नाही, बैलगाडीच्या आसाला चालतं, होडीच्या बुडाला चालतं. आणि तेल निघतंय ही बातमी कशी पसरते ते मला अजून कळलेलं नाही. मी गाडीखालून बाहेर आले तेव्हा अंगणात पाच माणसं डबे घेऊन उभी होती, जणू प्रसाद होता. आप्पांनी पळीनं मोजून वाटलं. माझ्या कानातलं सोडून सगळं संपलं. मी बोल्ट, चकती नीट पुसून परत बसवली आणि स्वतःवर खूश होऊन हात धुतले.

तेवढ्यात मिठागरावरची मावशी आली. खाडीकडच्या गावची, आप्पांनी तिची म्हैस दोनदा वाचवलेली, त्यामुळे आमच्या घरावर तिचा हक्क होता. हातात घासून लख्ख केलेला वनस्पती तुपाचा डबा.

"सगला वाटून मोकली झालीस गो पोरी?" ती म्हणाली. "माज्या दाराच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेनं पार गंजल्यान. दार लावला का गाव जागा होतो. थोरा तरी दे मना."

तिचं तोंड इतकं उतरलं की मला राहवेना. मी पुन्हा गाडीखाली गेले, बोल्ट पुन्हा काढला, चकतीसकट ट्रेमध्ये ठेवला, आणि तिचा डबा भोकाखाली सरकवला. "तळाशी असेल ते निथळू दे मावशी. बस इथे." थेंब थेंब पडायला लागलं. मावशी डब्याशी उकिडवी बसून राहिली.

आता नवं तेल. ते गाडीच्या आतून घालायचं होतं. पुढची रबरी चटई उचलली की एक पत्र्याचं झाकण, आणि त्याच्या खाली पेटीचं तोंड. पण ते तोंड इतकं आत की आईचं नरसाळं पोचेना. आप्पा उठले, घरात गेले आणि बांबूचं नळकांडं घेऊन आले. हातभर लांब, एक टोक तिरकं कापलेलं. पोट फुगलेल्या बैलाच्या जबड्यात घालून तेल पाजायचं ते नळकांडं. ते पेटीच्या तोंडात असं चपखल बसलं की जणू त्यासाठीच कापलं होतं. मी डब्यातलं तेल ओतत होते, आप्पा नळकांडं धरून हलक्या हातानं गाडीचा डॅशबोर्ड थोपटत होते. ती सवय होती त्यांची, पाजताना जनावराचा गळा थोपटायची.

"पितेय बघ कशी," ते म्हणाले. "उपाशी व्हती बिचारी."

खालून मावशीचा आवाज आला, "येतंय गो, येतंय! चांगला येतंय!"

"येऊ दे मावशी, सगळं घे!" मी वरून उदारपणे ओरडले.

दीड लिटर तेल घातलं. मावशीनं डबा उचलला, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, "तुजा भला होवदे" म्हणाली आणि भराभरा निघून गेली. एवढी घाई तिला कधी नसते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी खांद्यापर्यंत हात आत घालून पेटीच्या तोंडात बोट घातलं. बोट कोरडं. अजून आत घातलं. कोरडं. मग माझी नजर उघड्या दारातून खाली एनॅमलच्या ट्रेकडे गेली. ट्रेमध्ये बोल्ट होता आणि चकती होती, दोन्ही उन्हात चमकत.

मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही. आई पापडाची लाटी हातात घेऊन धावत बाहेर आली. आप्पांना आधी कळेना, आणि कळल्यावर ते खुर्चीत बसून असे हसले की त्यांना ठसका लागला. दुकान बंद, सकाळी नऊला निघायचं, आणि डुकरिणीचं नवं कोरं तेल मिठागराच्या रस्त्याला लागलेलं. मी सायकल काढली.

खाडीच्या बांधावर पोचले तोवर ऊन उतरलं होतं. मावशी दारातच भेटली. बिजागऱ्या चकचकत होत्या, दार नववधूसारखं गप्प झालं होतं, आणि मावशी एका मेढीला चिंधीनं तेल लावत शेजारणीला सांगत होती की डॉक्टरांच्या पोरीनं तेल कसं साफ करून दिलं, मधासारखं. मी तिला खरं सांगितलं. तिनं चिंधी खाली ठेवली.

"अगो बाय माजे. मना वाटला तू माज्यासाटी गालून दिलंस."

मग तिनं धुतलेल्या लुगड्याचा तुकडा काढला आणि आम्ही दोघींनी ते तेल गाळून माझ्या डब्यात भरलं. जमिनीवर सांडलेलं, बिजागऱ्यांनी आणि एका मेढीनं प्यायलेलं सोडून बाकी सगळं आलं. घरी डब्याच्या तळाशी अर्धा लिटर शिल्लक होतं, त्यात भरपाई होणार होती. निघताना तिनं मला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. खड्या मिठाची पुरचुंडी दिली.

मी परतले तेव्हा आप्पा गाडीशीच खुर्चीवर बसले होते, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत. मी बोल्ट उचलला.

"चकती कुठाय?"

"तिथंच."

"ट्रेमध्ये नाही."

"मग वर गाडीलाच चिकटून असंल. मी बघितली मघाशी."

मी गाडीखाली वाकून पाहिलं. उजेड कमी झाला होता, सगळं तेलानं माखलेलं, काही तांबूस दिसलंसं वाटलं. ज्या माणसाला टाकी आणि म्हैस यांतला फरक दिसत नव्हता त्याला गाडीच्या बुडातली चकती कशी दिसली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. दुपारी ती मीच ट्रेमध्ये पाहिली होती, हेही आठवलं नाही. मी दमले होते. बोल्ट आवळला, दोनदा आवळला, आणि मग नळकांड्यानं डुकरिणीला दुसऱ्यांदा जेवू घातलं.

रविवारी आम्ही निघालो. आईनं गिरणीवाल्यांसाठी पापडांची पिशवी दिली आणि गाडीच्या टपावरून उगाचच हात फिरवला. पापडाचा तुकडा चिकटला असेल म्हणून, म्हणाली. नारळ पुढे काचेजवळ ठेवला होता आणि वळणावर इकडून तिकडे गडगडत होता. मी चालवत होते, आप्पा शेजारी.

वडखळच्या आधी मी दुसरा गिअर टाकला. आवाज नाही. पुन्हा टाकून पाहिला. लोण्यात सुरी. गाडी अशी चालली होती की मला रडू यायला लागलं. नागोठण्यापर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. कशाला गेलीस खाडीवर सायकल मारत? जरा कमी तेल घातलं असतंस तर काय बिघडलं असतं? आप्पा मात्र डोळे मिटून बसले होते, तोंडावर असं समाधान की मला त्यांचाही राग आला.

"छान झालंय काम," ते म्हणाले.

"माहिती आहे मला," मी खेकसले.

रोह्यात गिरणीवाल्यांचं अंगण लग्नासाठी नव्यानं केलेलं होतं, पांढऱ्याशुभ्र फरशीचं. त्यांनी ती कौतुकानं दाखवली, चपला बाहेर काढायला लावल्या. गाडी मात्र आत घ्यायला सांगितली, नवरदेव तिथेच उतरणार म्हणून. मग ते स्वतः बसले, कुंडलिकेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले, आणि उतरताना चेहरा लग्न आत्ताच लागल्यासारखा. "डॉक्टर, गिअर काय आहे हो! नव्या गाडीला असा नसतो."

"हिनं तेल बदललं," आप्पा म्हणाले. मी जमिनीकडे पाहत होते.

कोकम सरबत आलं. गप्पा झाल्या. लग्नात किती पानं उठणार ते कळलं. आप्पा नेहमीपेक्षा जास्त बोलत होते, त्यांनी पोटफुगीचे तीन किस्से सांगितले, दुसरं सरबत मागून घेतलं. शेवटी गिरणीवाले किल्ली घ्यायला उठले आणि गाडीकडे बघून थांबले.

गाडीच्या पोटाखाली पांढऱ्या फरशीवर तेलाचा एक डाग होता, बशीएवढा. आम्ही पाहत असतानाच त्यात एक थेंब पडला.

"हे काय?"

"गळती हाय," आप्पा म्हणाले. "लपवणार नाय मी तुमच्यापासून."

"थांबेल ना?"

"आता काय सांगू? जनावर म्हातारं हाय."

गिरणीवाले फरशीकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर मांडव, पाहुणे आणि नवरदेवाची पांढरी शेरवानी उभी राहिली असावी. आतून त्यांची बायको बाहेर आली, तिनं डाग बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि प्रश्न मिटला. ते फार ओशाळले. राग मानू नका म्हणाले. "अहो, राग कसला," असं म्हणत आप्पांनी नारळ त्यांच्या हातात परत ठेवला. मला उडी मारावीशी वाटत होती, पण मी चेहरा पाडून फडकं मागितलं आणि फरशी घासून दिली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदानं घासलेली फरशी.

परत निघालो. रोहा मागे पडलं तशी माझी जीभ सुटली. "मी चकती नीट बसवली नाही आप्पा, माझीच चूक. पण बरं झालं ना? देवच पावला."

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, मांडीवर उलगडला आणि त्यात बोटानं चाचपलं. रुमालात तांब्याची चकती होती.

मी गाडी बाजूला घेतली.

"तू खाडीवर गेलीस तवा काढून ठेवली," ते समोर पाहत म्हणाले. "शब्द मोडता येत नव्हता. चाळीस वर्षं लोकांना जनावराच्या खोडी उघड करून दाखवल्या. पहिल्यांदा एक खोड स्वतः लावली. तीही उघडच दाखवली म्हना." मग चकती पुन्हा रुमालात गुंडाळत, "पुढच्या रविवारी बसव ही. तेल परत काढावं लागंल."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. आमच्या घरी असं कुणी करत नाही. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेऊन डॅशबोर्ड थोपटला.

मी गाडी सुरू केली. डोळ्यांत पाणी होतं, पुढचं काही नीट दिसत नव्हतं, क्लच पुरता दाबला न दाबला आणि मी दुसरा गिअर रेटला. डुकरीण नवं तेल पोटात असूनही कर्कश किंचाळली.

"हळू," आप्पा म्हणाले. "आपली हाय."